बहिणीबरोबर पहिली परदेशवारी : आधी बोलणी, मग बटवा, मग विमान



गटात सहलीचा विषय निघाला की अष्टविनायक, पंढरपूर, तुळजापूर, फार तर काशी-रामेश्वर इथपर्यंत आपली गाडी जाते. ठरलेली बस, सोबत आचारी, रात्रीला धर्मशाळा. अलीकडे मात्र एखादी ताई बैठक संपताना हळूच विचारते, "विमानाने परदेशात जायचं तर किती पैसे लागतात हो? मी आणि माझी बहीण, दोघीच जायचं म्हणतोय." बाकीच्या हसतात. खरं तर हसण्यासारखं यात काही नाही. लाखाचं कर्ज उचलून हप्ता न चुकवणाऱ्या बाईला सात दिवसांची सहल आखता येणार नाही, असं थोडंच आहे?

बहिणीबरोबर जायची इच्छा का होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. लग्नानंतर दोघी दोन गावच्या होतात. भेट होते ती कुणाच्या लग्नात, बारशात नाहीतर दहाव्याला. तिथेही दोघी चुलीपाशी. निवांत बसून बोलायला मिळालं, असं शेवटचं कधी झालं ते आठवावं लागतं.

म्हणून या वेळचा पाठ या विषयावर. पासपोर्ट, तिकीट, व्हिसा हे सगळं पुढे येईलच. पण पहिल्या सहलीत बहिणींचं बिनसतं ते बहुतेक वेळा कागदांवरून नसतं. पैसे कोणी किती घालायचे आणि कोणाच्या अंगात किती चालायचं बळ आहे, हे आधी मोकळेपणाने बोललेलं नसतं, म्हणून बिनसतं. आपण तिथूनच सुरुवात करू.

तिकिटाआधीची बोलणी

समजा, दोन बहिणी आहेत. थोरली बावन्न वर्षांची, शाळेत पोषण आहार शिजवते, घरची दीड एकर कोरडवाहू. धाकटी चव्वेचाळीसची, तिचा मसाल्याचा उद्योग चांगला चाललाय, हातात पैसा खेळता आहे. जायचं दोघींच्याही मनात आहे. धाकटी प्रेमाने म्हणते, "ताई, तू पैशाचं बघूच नको, तुझं सगळं मी करते."

ऐकायला किती छान! पण इथेच थांबून विचार करा. थोरली सात दिवस धाकटीच्या पैशाने फिरली, तर चहा प्यायचा झाला तरी ती बहिणीच्या तोंडाकडे बघेल. आवडलेलं पातळ उचलणार नाही. पाय दुखले तरी "रिक्षा करू" म्हणणार नाही. आणि दोन वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात चार बायकांसमोर "हिला मीच नेलं होतं श्रीलंकेला" असं धाकटीच्या तोंडून सहज निघून जाईल. तिच्या मनात काही नसेलही, पण थोरलीच्या जिव्हारी लागायचं ते लागेल.

याचा अर्थ मदत घेऊच नये असा नाही. मदत घ्यावी, फक्त तिला नाव द्यावं. धाकटीने सरळ म्हणावं, "ताई, विमानाचं तिकीट माझ्याकडून तुला भेट. बाकी खर्च निम्मा-निम्मा." भेट एकदा दिली की तिचा हिशेब नाही, उच्चारही नाही. उरलेल्या खर्चात दोघींचा वाटा सारखा आणि दोघींचा शब्दही सारखा. थोरलीला निम्मा खर्चही झेपणार नसेल, तर स्वस्तातलं ठिकाण निवडा किंवा एक वर्ष जास्त थांबा. घाई कशाची आहे?

दुसरी बोलणी अंगातल्या बळाची. गुडघे दुखतात, साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे, रात्री दोनदा उठावं लागतं, गाडीत मळमळतं. बहिणीपासून हे लपवू नका. "मी सगळं करीन गं" असं म्हणणारी बाईच दुसऱ्या दिवशी पायरीवर बसते. मग एक वर जाते, एक खाली राहते आणि दोघींचाही दिवस जातो.

तिसरी बोलणी दोन्ही घरांतली. म्हैस कोण पिळणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, मुलाचा डबा कोण करणार, हे ठरवून मगच विषय काढा. "मी जाऊ का?" असं विचारलं की दहा अडचणी निघतात. "फेब्रुवारीत सात दिवस मी नाही, त्या दिवसांची अशी अशी सोय लावली आहे" असं सांगितलं की बोलणं सोयीवर येतं. फरक करून बघा.

ठिकाण : श्रीलंका का?

परदेश म्हटलं की दुबई, सिंगापूर, थायलंड अशी नावं येतात. वाईट काहीच नाही. पण दोघी बहिणी पहिल्यांदाच निघाल्या असतील, तर माझं मत श्रीलंकेला. मुंबईहून थेट विमान अडीच तासांच्या आसपास पोचतं. आपलं आणि त्यांचं घड्याळ एकच. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. जेवणात भात, आमटी, नारळ, भाज्या. आणि बघण्यासारखं इतकं जवळजवळ आहे की सात दिवसांत बरंच पाहून होतं.

कधी जायचं? कँडी आणि नुवारा एलियाचा डोंगराळ भाग, तसंच कोलंबोची पश्चिम बाजू यांना डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. आपल्याकडे संक्रांत झालेली असते, गव्हाची काढणी अजून लांब असते आणि लग्नसराई सुरू व्हायची असते. म्हणजे जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. श्रीलंकेत दर पौर्णिमेला 'पोया' म्हणून सुट्टी असते, त्या दिवशी देवळांत मोठी गर्दी होते. गर्दी नको असेल तर कॅलेंडर बघून पौर्णिमा टाळा. मला विचाराल तर एक पौर्णिमा मुद्दाम धरावी. पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं घेऊन रांगेत उभी असलेली माणसं बघणं हीसुद्धा सहलच आहे.

पैसा कुठून आणि किती

आता वही उघडा. खालचे आकडे एका माणसाचे आहेत, दोघी एका खोलीत राहणार आणि तिथे ड्रायव्हरसह गाडी ठरवणार असं धरून. अंदाजाचे आहेत, तिकीट कधी काढता, हॉटेल कसं घेता यावर खालीवर होतील.

मुंबई–कोलंबो जाऊन-येऊन विमान २६,००० रुपये. सहा रात्रींची राहण्याची सोय ९,०००. पाच दिवसांची गाडी, निम्मा वाटा, १४,०००. जेवणखाण ६,०००. ठिकठिकाणची प्रवेश तिकिटं ६,०००. पासपोर्ट १,५००. विमा, श्रीलंकेची प्रवेश-परवानगी आणि फोन मिळून ४,०००. गावाहून मुंबईला जाणं-येणं आणि एक मुक्काम २,५००. अडीअडचणीला ९,०००. बेरीज झाली ७८,०००.

मोठा आकडा आहे, घाबरू नका. चोवीस महिन्यांनी भागा: महिना ३,२५०. छत्तीस महिन्यांनी भागलं तर २,१७० च्या आसपास. बँकेत आवर्ती ठेवीचं खातं उघडा. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, म्हणून दोन-तीन वर्षांच्या बेताला बँकेचं खातं बरं. दोघींनी आपापल्या नावाने वेगवेगळं खातं काढावं आणि दर महिन्याला हप्ता भरल्याचा फोटो एकमेकींना पाठवावा. बेत खरा आहे की नुसत्या गप्पा, हे सहा महिन्यांत आपोआप कळतं.

आणि आता थोडं स्पष्ट. गटातून अंतर्गत कर्ज काढून सहलीला जाऊ नका. काही गटांत त्याला मनाई नसेल, तरीही नको. शेळी घेतली तर शेळी हप्ता फेडते, शिलाई मशीन घेतलं तर मशीन फेडतं. सहल हप्ता फेडत नाही. ती संपते आणि कर्ज उरतं. शिवाय गटाचा पैसा फिरता असतो. आपण सहलीला उचललेल्या साठ हजारांत दुसऱ्या कुणाचं बाळंतपण किंवा बियाणं अडकू शकतं. समुदाय गुंतवणूक निधी किंवा बँकेचं कर्ज तर उपजीविकेसाठीच असतं, त्याला हातही लावू नये. सोनं गहाण ठेवून जाणं हीसुद्धा कर्जाचीच दुसरी तऱ्हा. पंचसूत्रीतली नियमित बचत आणि नियमित लेखे ही दोन सूत्रं या कामाला पुरतात.

कागद : इथे उशीर लावू नका

पासपोर्ट आधी, बाकी सगळं नंतर. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर भरायचा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो. २०१७ पासून बऱ्याच ठिकाणी पोस्ट ऑफिसातच पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आहेत, तेव्हा मुंबई-पुण्याला धावण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या मोठ्या पोस्टात विचारा. भेटीची वेळ मिळते, मूळ कागद घेऊन जायचं, नंतर पोलिसांची पडताळणी. त्या दिवसांत गावी हजर राहा आणि फोन उचला.

आपल्या बायकांचं घोडं अडतं ते नावावर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग. जन्मतारखेचीही तीच गत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेल्या किती तरी जणी आपल्यात आहेत. शाळेत १ जून आणि आधारवर १ जानेवारी असं असेल तर आधी ते जुळवून घ्या. पासपोर्टवर कोणतं नाव घालायचं ते ठरवा, मग बाकी कागदही त्याच नावावर आणा. याला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून तिकीट काढायच्या बऱ्याच आधी हे काम हाती घ्या. विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावाने, अक्षर न् अक्षर तसंच हवं.

दहावी झाली नसेल तर पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येऊ शकतो. तो बघून बायका घाबरतात, एजंट तर जास्तच घाबरवतात. ही तपासणी ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. फिरायला जाणाऱ्यांना ती अडवत नाही आणि श्रीलंका त्या यादीत नाहीच. पन्नाशी ओलांडलेल्यांना तर शिक्षण कमी असलं तरी हा शेरा लागत नाही. "शेरा काढून देतो, पाच हजार द्या" असं कोणी म्हणालं तर उठून या.

श्रीलंकेत जाण्यापूर्वी ऑनलाइन प्रवेश-परवानगी काढावी लागते, तिला ईटीए म्हणतात. तिची फी आणि नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा. श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट एलके' असा संपतो. तशीच दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळंही असतात. घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल तर तिला शेजारी बसवून भरा, पण बटण दाबायच्या आधी नाव आणि पासपोर्ट नंबर स्वतः वाचा. परत येण्याच्या वेळी पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी.

प्रवास विमा नक्की घ्या. पूर्ण सहलीच्या मानाने ती किरकोळ रक्कम आहे. साखर-बीपी असेल तर अर्जात लिहा. लपवलं आणि तिकडे दवाखान्यात जावं लागलं तर कंपनी हात वर करू शकते.

एजंटाकडून पूर्ण पॅकेज घ्यायचं की स्वतः करायचं? दोघींपैकी एकीला तरी मोबाइलवर बुकिंग जमत असेल, तर तिकीट आणि हॉटेल स्वतः आणि तिथली गाडी हॉटेलमार्फत, हे जमण्यासारखं आहे. जमत नसेल तर पॅकेज घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त काय धरलं आहे आणि काय नाही ते लेखी घ्या: प्रवेश तिकिटं, दुपारचं जेवण, रद्द केल्यास परतावा. पैसे कंपनीच्या खात्यात भरा आणि पक्कं बिल घ्या. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कापला जातो. आपलं उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. त्यासाठी पॅन द्या आणि कर कापल्याचा कागद जपून ठेवा.

सात दिवस कसे लावायचे

पहिली चूक होते ती सगळंच बघायचा हट्ट धरण्याची. नकाशावर देश लहान दिसतो, पण रस्ते वळणाचे आणि गर्दीचे आहेत. शंभर किलोमीटरला तीन तास धरून चला.

पहिल्या दिवशी विमानतळाजवळच्या निगोंबो गावात मुक्काम करा. विमानाचा शीण, नवी जागा. त्या दिवशी फक्त समुद्र बघायचा. दुसऱ्या दिवशी सिगिरियाकडे, चारेक तासांचा रस्ता. तिसरा दिवस अनुराधापूरला द्या. चौथ्या दिवशी सकाळी सिगिरिया, मग वाटेत दंबुल्लाची लेणी पाहून कँडी. पाचव्या दिवशी दंतमंदिर बघून नुवारा एलिया. सहाव्या दिवशी परत निगोंबो, सातव्या दिवशी विमान.

अनुराधापूरबद्दल थोडं जास्त सांगते. सम्राट अशोकाचा मुलगा महिंद श्रीलंकेत धम्म घेऊन गेला. जवळच मिहिंतलेचा डोंगर आहे, तिथे त्याची आणि तिथल्या राजाची भेट झाली असं मानतात. मग राणीला आणि इतर स्त्रियांना दीक्षा घ्यायची होती. भिक्षुणी होण्यासाठी भिक्षुणीच लागते, म्हणून अशोकाची मुलगी संघमित्रा आली. तिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी सोबत आणली. ती अनुराधापूरला लावली आणि तोच वृक्ष आजही तिथे आहे असं मानून त्याची अखंड देखभाल केली जाते. माणसाने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत तो जगात सर्वांत जुना समजला जातो, बावीसशे वर्षांच्या पुढचा. म्हणजे भावंडांनी समुद्र ओलांडून केलेली ही सफर आपल्याला नवी नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरात बुद्धवंदना होते, त्यांना तर इथून पाय निघणार नाही. वेळ मोकळा ठेवा.

सिगिरिया म्हणजे सपाट रानात एकदम उभा राहिलेला प्रचंड खडक. पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. मधल्या कपारीत स्त्रियांची रंगीत चित्रं आहेत. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, काही जिने लोखंडी. इथे दुसऱ्या बोलणीची आठवण ठेवा. पहाटे फाटक उघडताच चढा, ऊन लागत नाही. ज्या बहिणीचे गुडघे साथ देत नाहीत तिने खालच्या बागा, पाण्याची कुंडं आणि संग्रहालय निवांत बघावं. दुसरी वर जाऊन येईपर्यंत तिचा वेळ छान जातो. हे आदल्या रात्रीच ठरवा. तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवा, कारण भारतासारख्या सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच ठिकाणी परदेशी दरात सवलत मिळते.

कँडीच्या दंतमंदिरात बुद्धाचा दंतधातू जपलेला आहे. तिथे आणि सगळ्याच मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपली साडी किंवा पंजाबी ड्रेस उत्तम. चप्पल आणि टोपी बाहेर. दुपारी फरशी तापते, जुने पायमोजे पिशवीत असू द्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणं तिथे अपमानाचं समजतात, तेव्हा सेल्फीचा मोह आवरा.

नुवारा एलिया साधारण १,८७० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही बरंच उंच. रात्री थंडी वाजते. शाल, स्वेटर हवाच. जवळ सीता एलिया इथे सीतामाईचं मंदिर आहे, तिथले लोक त्या जागेला अशोकवन मानतात. पण मला तिथले चहाचे मळे जास्त महत्त्वाचे वाटतात. इंग्रजांच्या काळात आधी कॉफी होती, ती पानांवरच्या रोगाने बसली आणि १८६७ पासून चहाची लागवड वाढली. मळ्यांत राबायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर नेले. आजही पानं खुडणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत आणि त्यांची मजुरी खुडलेल्या किलोंशी बांधलेली. मळ्यात फोटो काढाल तर आधी विचारा. आपल्या ऊसतोडीच्या फडात कोणी न विचारता कॅमेरा रोखला तर आपल्याला कसं वाटेल?

कँडीहून पुढे डोंगरातून जाणारी रेल्वे सुंदर आहे असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण नोव्हेंबर २०२५ मधल्या 'दित्वाह' चक्रीवादळाने त्या डोंगराळ भागातल्या रस्त्यांचं आणि रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान केलं. बेत आखताना गाडी कुठून कुठपर्यंत चालू आहे ते विचारूनच तिकीट घ्या.

तिकडचा पैसा, तिकडचं ताट

श्रीलंकेचा पैसाही रुपयाच. आपल्या एका रुपयाचे त्यांचे तीन ते साडेतीन येतात, म्हणून बिलाचे आकडे मोठे दिसतात. सोपी युक्ती, तीनने भागा. २,१०० चं जेवण म्हणजे आपले फार तर ७००. निघण्यापूर्वी बँकेतून किंवा परवानाधारक चलन विक्रेत्याकडून पासपोर्ट आणि तिकीट दाखवून थोडे अमेरिकी डॉलर घ्या आणि कोलंबो विमानतळावरच्या बँकेच्या खिडकीवर बदला. पावती ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे भारतीयांना यूपीआयने क्यूआर कोडवर पैसे देता येऊ लागले आहेत, पण ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करावा लागतो. सगळ्याच दुकानांत ते चालेल असं धरू नका, रोख हवीच.

सामायिक बटवा एकच ठेवा. रोज सकाळी दोघींनी त्यात सारखे पैसे टाकायचे. गाडी, जेवण, तिकीट त्यातून. साड्या, मसाले, नातवंडांची खेळणी आपापल्या पैशातून. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं रोजकीर्द. थोरलीला लिहिण्याचा कंटाळा असेल तर तिने सांगावं, धाकटीने लिहावं. बटवा मात्र एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. मोठी रक्कम आणि पासपोर्ट दोघींनी आपापल्या अंगावर, वेगवेगळे.

ताटात भात आणि चार-पाच कालवणं येतात. ओल्या नारळाची लाल चटणी, तिला पोल सांबोल म्हणतात, ती आपल्याला फार आवडेल. पण शाकाहारी असाल तर जपा, तिच्यात सुकवलेली मासळी कुटून घालण्याची पद्धत आहे. 'मस मालु एपा' म्हणजे मटण-मासे नको, एवढं पाठ करा. मिरचीला ते 'मिरिस' म्हणतात, लक्षात राहायला सोपं. नमस्काराला 'आयुबोवन', आभाराला 'स्तुती'. तमिळ भागात आभाराला 'नन्री'. रस्त्यावर नारिंगी रंगाची शहाळी मिळतात, थंबिली, ती अवश्य प्या.

बॅग आणि विमानतळ

लोणचं, ठेचा, तूप हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत नीट बांधून टाका. सुकं खोबरं विमानात घेऊच नका. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या पिशवीतच हवी. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हाताशी. दागिने घरी ठेवा, साधं मंगळसूत्र पुरे. जास्त सोनं घालून गेलात तर परत येताना ते इथलंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

मुंबईला आदल्या दिवशी पोचा. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. विमानतळावर तीन तास आधी. इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारतील: कुठे चाललात, किती दिवस, राहणार कुठे, परतीचं तिकीट दाखवा. पहिल्यांदा जाणाऱ्या बायकांना दोन प्रश्न जास्तही विचारतील. घाबरायचं नाही, मराठी-हिंदीत सरळ उत्तर द्यायचं. दोघींची आडनावं वेगळी असली तरी "आम्ही सख्ख्या बहिणी" एवढं पुरतं. हॉटेलचा पत्ता, परतीचं तिकीट, विमा, ईटीए यांच्या कागदी प्रती दोघींकडेही असू द्या. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

पुढच्या बैठकीला करायचा अभ्यास

ज्यांना बहीण आहे त्यांनी बैठकीआधी तिला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: दर महिन्याला खरोखर किती बाजूला टाकता येतील, सलग किती पायऱ्या चढवतात, आणि तिच्या घरी सात दिवस कोण सांभाळेल. उत्तरं वहीत लिहून आणा. परदेश नको असेल तर हाच हिशेब हंपीला किंवा केरळला लावा, रीत तीच. बैठकीत सगळ्यांची आधार, पॅन आणि शाळेचा दाखला समोर ठेवून नाव आणि जन्मतारीख जुळते का ते एकमेकींचं तपासा. ज्यांचं जुळत नाही त्यांची यादी करून सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी सेतू केंद्रावर जावं. सहलीला न जाणाऱ्या ताईंनीही हे करून घ्यावं, बँकेत आणि पेन्शनला तेच कागद लागतात. आणि वहीच्या पहिल्या पानावर दोघी बहिणींची नावं इंग्रजी स्पेलिंगसह लिहून ठेवा, पासपोर्टवर जशी हवी आहेत अगदी तशी.